चतुर राखायचे तर आधी पाणी राखावे लागेल

सप्टेंबर सरत आला, हळवे भात पिवळे पडू लागले आणि पावसाने थोडी उघडीप दिली की कोकणातल्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर), देशावरच्या माळांवर आणि शहरांतल्या मोकळ्या मैदानांवरही पिवळसर अंगाचे चतुर थव्याथव्यांनी घिरट्या घालू लागतात. ते फारसे कुठे टेकत नाहीत, एकाच पट्ट्यात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत हवेतल्या हवेत चिलटे टिपतात आणि काही दिवसांत दिसेनासे होतात. आपल्यापैकी बहुतेकांची चतुराशी ओळख एवढीच असते. लहानपणी त्याला हेलिकॉप्टर म्हटलेले असते, कुणी त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवलेले असते आणि पुढे मोठेपणी त्याच्याकडे पाहणेच सुटलेले असते. फुलपाखरांचे तसे झाले नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले, गावोगावी फुलपाखरू उद्याने उभी राहिली, शाळकरी मुले पानांवरच्या अळ्या ओळखू लागली. चतुर आणि त्याची नाजूक बहीण टाचणी यांच्या वाट्याला मात्र हे कौतुक अजून पुरेसे आलेले नाही.

गेली काही वर्षे मी सिंधुदुर्गातल्या शाळांमध्ये आणि कधीमधी ग्रामसभांमध्ये चतुरांविषयी बोलते आहे. या काळात एक गोष्ट मला स्पष्ट दिसली आहे. चतुर सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो कुठून येतो हे फारच थोड्यांना ठाऊक असते. कुणी सांगते की तो पावसाबरोबर येतो, कुणी म्हणते गवतात जन्मतो, कुणाला तो फुलपाखरासारखा कोषातून बाहेर पडतो असे वाटते. आपण ज्याला चतुर म्हणून ओळखतो तो उडणारा कीटक हे त्याच्या आयुष्याचे केवळ अखेरचे प्रकरण असते आणि त्याआधीचे सगळे आयुष्य पाण्यात गेलेले असते, ही गोष्ट ऐकून मोठी माणसेसुद्धा थबकतात. चतुरांच्या संवर्धनाचा सगळा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतो, कारण उडणाऱ्या चतुराला मारायला सहसा कुणी जात नाही. त्याचे पाणी मात्र आपण रोज मारतो आहोत.

ओळखीपुरते आधी सांगते. चतुर बसतो तेव्हा पंख दोन्ही बाजूंना पसरून बसतो, त्याचे डोळे एवढे मोठे असतात की ते डोक्यावर बहुधा एकमेकांना भिडतात आणि त्याचे मागचे पंख पुढच्यांपेक्षा रुंद असतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना दूर दूर असतात, चारही पंख साधारण सारखे असतात आणि बसताना बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. दोघेही ओडोनाटा या एकाच गणातले. जगात या गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत; भारतात ती संख्या पाचशेच्या आसपास आहे आणि त्यांतल्या दोनशेच्या वर जाती एकट्या पश्चिम घाटात आढळतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर अवतरण्याच्याही कितीतरी आधी, यांचे दूरचे पूर्वज दलदलींवर उडत होते आणि त्यांपैकी मेगान्यूरा नावाच्या कीटकाच्या पंखांचा विस्तार जवळजवळ सत्तर सेंटिमीटर होता, असे जीवाश्म सांगतात. मुलांना ही माहिती फार आवडते. पण मला स्वतःला आजच्या चतुरांचे जगणे त्याहून विलक्षण वाटते.

वर ज्या पिवळसर चतुरांचा उल्लेख केला त्यांचे इंग्रजी नाव वाँडरिंग ग्लायडर आणि शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या असे लक्षात आले की दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास या बेटांवर चतुरांचे थवेच्या थवे उतरतात. त्या बेटांवर भूपृष्ठावर गोडे पाणी जवळजवळ नाही, म्हणजे एवढे चतुर तिथे जन्मणे शक्यच नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून २००९ साली त्यांनी असे मांडले की हे चतुर भारतातून निघतात, उंचावरच्या वाऱ्यांवर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात, मालदीव आणि सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत पोहोचतात आणि पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर भारताकडे परततात. ही फेरी एका चतुराच्या आयुष्यात पुरी होत नाही, तिला काही पिढ्या लागतात. एकूण अंतर त्यांनी चौदा ते अठरा हजार किलोमीटर धरले. नागालँडमध्ये ज्यांच्या शिकारीविरुद्ध गावेच्या गावे उभी राहिली ते अमूर ससाणे साधारण याच दिवसांत महाराष्ट्रावरून पुढे जातात आणि समुद्र ओलांडताना त्यांची भूक हेच चतुर भागवत असावेत, असाही अँडरसन यांचा कयास आहे. आपल्या मैदानावर घिरट्या घालणारा कीटक आणि सैबेरियाच्या अंगणातून येणारा ससाणा एकाच वाऱ्याने बांधलेले असतील, तर त्या मैदानाशेजारचे डबके ही काही फक्त त्या गावापुरती गोष्ट उरत नाही.

कारण हा चतुर अंडी घालतो ती पावसाळी डबक्यांत. महिनाभर किंवा त्याहून थोडे अधिक पाणी टिकले तरी त्याच्या अळीची वाढ पुरी होऊ शकते. इतर कित्येक चतुरांना मात्र काही महिने लागतात आणि थंड प्रदेशांतल्या काही जातींच्या अळ्या वर्षानुवर्षे पाण्यात काढतात. मोठा झालेला, पंख फुटलेला चतुर जेमतेम काही आठवडे जगतो.

ही अळी कशी असते हे दाखवण्यासाठी मी पिठाची चाळण आणि एक पांढरा ट्रे बरोबर नेते. तळ्याच्या काठाशी, शेवाळ आणि पाणवनस्पतींच्या मुळांमधून चाळण हळूच फिरवली आणि आलेला गाळ ट्रेमधल्या पाण्यात सोडला की आधी काहीच दिसत नाही. थोडा वेळ थांबले की गाळाचाच एक तुकडा सहा पायांवर चालू लागतो. मातकट रंगाची, रुंद पोटाची, दिसायला अगदी सामान्य अशी ती अळी डासाच्या वळवळत्या अळीच्या दिशेने सावकाश वळते, थांबते आणि पुढच्या क्षणी डासाची अळी तिच्या तोंडात असते. मधले काही आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. तिचा खालचा ओठ बिजागरीसारखा दुमडून तोंडाखाली ठेवलेला असतो, त्याच्या टोकाला आकडे असतात आणि तो पुढे फेकला जाऊन भक्ष्यासह परत येतो. मुले हे पुन्हा पुन्हा पाहायला मागतात. मग तिला काडीने हलकेच डिवचले तर ती पाय न हलवता बाणासारखी पुढे सरकते, कारण तिचे कल्ले पोटाच्या शेवटच्या भागात आत असतात. श्वासासाठी मागून ओढलेले पाणी ती जोराने बाहेर फेकते आणि त्या धक्क्याने पुढे जाते. टाचणीची अळी सडपातळ असते आणि तिचे तीन कल्ले शेपटीच्या टोकाशी बाहेरच दिसतात. पाहून झाले की सगळे पाणी होते तिथेच परत सोडायचे, हा नियम मुले माझ्यापेक्षा कडकपणे पाळतात.

पाण्यातून बाहेर पडण्याची वेळ बहुतेक जातींत रात्रीची किंवा पहाटेची असते. अळी गवताच्या एखाद्या ताटावर चढते, नखे रोवून घट्ट धरते आणि स्थिर होते. थोड्या वेळाने डोक्यामागे पाठीवर चीर पडते, तीमधून आधी छाती, मग डोके आणि पाय बाहेर येतात आणि अर्धा सुटलेला चतुर डोके खाली करून मागे लोंबकळत राहतो. पाय कडक झाले की तो एकदम उठून आपल्याच जुन्या कातेला धरतो आणि उरलेले पोट ओढून घेतो. पंख त्या वेळी चुरगळलेले, दुधी रंगाचे असतात. ते हळूहळू भरत, ताठ होत, पारदर्शक होत जातात. या तास-दोन तासांत त्याला पळता येत नाही, लढता येत नाही, आणि नेमक्या याच वेळी मुंग्या आणि पक्षी त्याला उचलून नेतात. उजाडल्यावर तळ्याकाठच्या गवतावर ज्या रिकाम्या, पाठीवर फाटलेल्या काती दिसतात, त्यांच्या चिरेतून पांढरे बारीक धागे बाहेर आलेले असतात. ते त्याच्या श्वासनलिकांचे आतले अस्तर. अशी एक कात मिळाली म्हणजे चतुर या पाण्यात नुसता पाहुणा म्हणून आला नव्हता, इथेच वाढला होता, याचा पक्का पुरावा मिळतो. एकाही जिवाला धक्का न लावता मिळणारा इतका चांगला पुरावा निसर्गाच्या अभ्यासात क्वचितच हाती लागतो.

या सगळ्या वर्णनात गवताचे ताट फार महत्त्वाचे आहे, आणि तेच आपण काढून टाकतो.

माझ्या माहितीतल्या एका गावात जुने तळे होते. काठाला लव्हाळी, मध्ये कमळे, एका कडेला गुरे उतरायची उतरण. तिथे तांबडे लाल स्कार्लेट स्किमर, काळ्या-पिवळ्या नक्षीदार पंखांचे कॉमन पिक्चरविंग, काठच्या गवतात पिवळ्या अंगाच्या टाचण्या, असे कितीतरी सहज दिसत. मग तळ्याच्या सुशोभीकरणाला निधी आला. गाळ काढला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर काठ सरळसोट बांधून काढले गेले, लव्हाळी मुळासकट उपटली गेली, फरशा बसल्या, दिवे लागले. तळे स्वच्छ दिसू लागले आणि चतुरांच्या दृष्टीने रिकामे झाले. टाचण्या आपली अंडी पाणवनस्पतींच्या देठांत खोचून घालतात, त्यांना देठच उरले नाहीत. अळीला बाहेर पडायला काठी-काडी उरली नाही. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, उलट गावाने हौसेने केलेले काम होते, म्हणूनच मला त्याचे अधिक दुःख होते. चार बाजूंपैकी एक बाजू उताराची आणि गवताची राहू दिली असती, तर खर्च वाढला नसता, घटलाच असता.

शेततळ्यांचेही तेच आहे. २०१६ पासून महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून शेततळी झाली, त्याआधी आणि नंतरही अनेकांनी स्वतःच्या खर्चाने केली; शेतकऱ्याला पाणी हवेच आणि त्यावर कुणी आक्षेप घेऊ नये. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या गुळगुळीत उतारावरून अळीला वर येणे कठीण जाते. एखादा जाड दोर, बांबू किंवा जुने गोणपाट काठावरून पाण्यात सोडून ठेवले तर अळीला चढायला आधार मिळतो, आणि पाण्यात पडलेल्या सरड्या-खारींनाही तो उपयोगी पडतो. इतक्या साध्या गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून होत नाहीत.

प्लास्टिक आणि चकचकीत पृष्ठभाग यांचा आणखी एक उपद्रव आहे. चतुर पाणी ओळखतो ते पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून. गडद रंगाच्या गाड्यांचे बॉनेट, काचा, काळे गुळगुळीत दगड, काळे प्लास्टिक यांवरूनही तसाच प्रकाश परावर्तित होतो. चतुराची मादी गाडीच्या टपावर पुन्हा पुन्हा शेपटीचे टोक टेकवताना दिसते तेव्हा ती खेळत नसते. ती तिथे अंडी घालत असते आणि ती सगळी वाया जात असतात. हंगेरीतल्या संशोधकांनी हे प्रयोग करून दाखवले आहे. एकदा हे कळले की वाहनतळावरचे ते दृश्य पूर्वीसारखे पाहता येत नाही.

कोणत्या पाण्यावर कोणता चतुर आहे, यावरून त्या पाण्याची प्रकृती बरीचशी कळते. सांडपाणी मिसळलेल्या ओढ्यावर नारिंगी पंखांचा डिच ज्युएल मजेत राहतो; इतर जाती निघून गेल्यावरही तो उरतो. याउलट स्ट्रीम ग्लोरी ही मोठी टाचणी स्वच्छ, सावलीतल्या, खळखळत्या पाण्याची. तिचा नर व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, दगडावर पंख मिटून बसलेला असतो तेव्हा कुणाचे लक्षही जात नाही, पण तो उडाला की मागचे पंख हिरव्या धातूसारखे झळकतात. व्हाळाच्या वरच्या अंगाला ही टाचणी आणि गावाच्या खालच्या अंगाला नुसते डिच ज्युएल, असे दिसू लागले तर मधल्या पट्ट्यात पाण्यात काय मिसळते आहे, हे विचारण्याची वेळ आलेली असते. पाण्याचे प्रयोगशाळेतले परीक्षण त्या दिवसाचे, त्या बाटलीपुरते सांगते. अळी मात्र त्या पाण्यात आठवडेच्या आठवडे राहिलेली असते.

सिंधुदुर्गात राहणाऱ्यांनी या विषयाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते त्याचे कारण गेल्या काही वर्षांत इथून विज्ञानाला मिळालेल्या नव्या जाती. २०१९ साली सेरिअॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स या टाचणीचे वर्णन सिंधुदुर्गातून प्रसिद्ध झाले. २०२० साली कोकण किनारपट्टीवरून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस या चतुराची नोंद नवी जात म्हणून झाली. विहिरींच्या कठड्यांवर आणि जुन्या भिंतींवर करड्या ठिपक्यांचा, दगडात पार मिसळून जाणारा जो ग्रॅनाइट घोस्ट दिसतो, त्याचा हा कातळावरचा जवळचा नातेवाईक. २०२२ साली आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचे नाव एका चतुराला मिळाले, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. तिकडे साताऱ्यातल्या ठोसेघरचे नाव २०२१ साली युफिया ठोसेघरेन्सिस या टाचणीला मिळाले होते. एफ. सी. फ्रेझर या लष्करी डॉक्टरने १९३३ ते १९३६ या काळात भारतीय उपखंडातल्या चतुरांवर तीन खंड लिहिले, तो पाया आजही वापरला जातो. त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनीही आपल्या गावामागच्या सड्यावर आणि व्हाळात अनोळखी जाती निघतात, याचा एक अर्थ असाही होतो की ज्या सड्यांवर कुणी पाहिलेच नाही आणि जे आता उरलेही नाहीत, तिथे काय होते हे आपल्याला कधीच कळणार नाही.

सडा म्हणजे पडीक जमीन, असे महसुली कागद सांगतात. पावसाळ्याचे चार महिने त्याच कातळावर उथळ डबकी भरतात, त्यांत गवत येते, बेडूक येतात, चतुर येतात. चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या खाणी), बागांसाठी सुरुंग लावून फोडलेला कातळ आणि वर टाकलेली माती यांनी ही डबकी कायमची जातात. जुन्या, बंद पडलेल्या चिरेखाणीत पाणी साठते आणि तिथे काही चतुर येतात हे खरे आहे. परंतु खोल, उभ्या भिंतींचे ते पाणी उथळ डबक्याची जागा घेऊ शकत नाही. व्हाळांचे दुखणे वेगळे. बर्मागोम्फस ज्या कुळातला आहे त्या कुळातल्या चतुरांच्या अळ्या वाहत्या पाण्याच्या तळाशी वाळूत आणि गाळात स्वतःला पुरून घेऊन राहतात. नाला खोलीकरणासाठी जेसीबी पात्रात उतरतो आणि तळ खरवडून काढतो, तेव्हा पाणी अडते, पण तळाशी राहणारे सगळे जीव काठावर फेकले जातात. काम एका हंगामात सलग न करता तुकड्यातुकड्यांनी केले, मध्ये काही पट्टे न छेडता ठेवले, तर त्या पट्ट्यांतून अळ्या पुन्हा पसरू शकतात.

शेतीतल्या कीटकनाशकांविषयी जपानचा अनुभव सांगण्यासारखा आहे, कारण तोही भातखाचरांचा देश आहे. तिथला अकिआकाने हा लाल चतुर भातखाचरांत वाढणारा आणि शरद ऋतूची खूण मानला जाणारा. १९९० च्या दशकापासून तो अनेक भागांत झपाट्याने कमी झाला आणि तिथल्या संशोधकांनी त्याचा संबंध रोपे तयार करण्याच्या पेट्यांत वापरल्या जाणाऱ्या फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांसारख्या औषधांशी जोडला. ही दोन्ही नावे आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांतही ऐकू येतात. औषध वापरूच नका, असे मी तुडतुड्यांनी बेजार झालेल्या शेतकऱ्याला सांगणार नाही. पण चतुर तुडतुड्यांसारख्या उडणाऱ्या किडीही खातो, आणि त्याची अळी त्याच खाचरात वाढते, एवढे लक्षात घेऊन गरजेपुरतीच फवारणी करावी, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

डासांचा प्रश्न निघाला की लोक चतुरांकडे आशेने पाहू लागतात. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये लोकांच्या सहभागाने एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. घरांतल्या पाण्याच्या भांड्यांत स्कार्लेट स्किमरच्या अळ्या ठरावीक काळाने सोडल्यावर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची संख्या लक्षणीय घटली. हा तोच तांबडा चतुर, जो आपल्या तळ्यांवर दिसतो. तरीही चतुर आले की डास संपतील, असे वचन मी देत नाही, कारण डासांना बाटलीच्या झाकणातले पाणीही पुरते आणि तिथे चतुराची अळी पोहोचत नाही. इथे मला गप्पी माशांविषयी मात्र बोललेच पाहिजे. बंदिस्त हौदात, टाकीत गप्पी सोडणे वेगळे. पण ते आणि गंबुसिया हे दोन्ही मासे परदेशातून आणलेले आहेत आणि व्हाळात, कोंडीत, तळ्यात सोडले की ते डासांच्या अळ्यांबरोबर चतुरांच्या कोवळ्या अळ्या आणि बेडकांची पिल्लेही खातात. ज्या पाण्यात डास खाणारे मूळचे रहिवासी आधीच नांदत आहेत, तिथे उत्साहाने गप्पी ओतण्यापूर्वी पिठाची चाळण एकदा फिरवून पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, चतुर आणि टाचण्यांचे पहिले जागतिक मूल्यमापन जाहीर केले. तपासलेल्या ६,०१६ जातींपैकी १६ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत आणि दक्षिण व आग्नेय आशियात हे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक आहे, असे त्यात म्हटले होते. शिवाय कितीतरी जातींसमोर ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. हा शेरा मला लाल रंगातल्या धोक्याच्या शेऱ्याइतकाच अस्वस्थ करतो, कारण माहिती अपुरी असलेल्या जिवाच्या नावाने कुठलेही काम थांबवता येत नाही.

ही अपुरी माहिती भरून काढण्याच्या कामात सामान्य माणसाला खरोखर जागा आहे. मोबाइलमध्ये काढलेला फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा ओडोनाटा ऑफ इंडिया या संकेतस्थळावर ठिकाण आणि तारखेसह दिला तर तो नोंद बनतो. फोटो काढताना फक्त वरून काढू नये. बाजूनेही काढावा, कारण छातीवरचे पट्टे बाजूने दिसतात, आणि शक्य असेल तर शेपटीच्या टोकाचा जवळून काढावा, कारण तिथल्या आकड्यांच्या आकारावरून अनेक जाती वेगळ्या ओळखता येतात. हे आकडे मादीला धरण्यासाठी असतात, डंख मारण्यासाठी नव्हे. चतुर विषारी नाही, त्याला नांगी नाही. हातात धरला तर फार तर बोटाला हलकेच चावतो. मुलांच्या मनातली ही भीती गेली की दोरा बांधण्याचा खेळही आपोआप सुटतो, असा माझा अनुभव आहे. पंख हातात धरून फोटो काढण्याची हौस मात्र मोठ्यांनीही सोडावी, विशेषतः नुकत्याच कात टाकलेल्या, पंख अजून चकाकणाऱ्या चतुराच्या बाबतीत, कारण त्याचे पंख एकदा दुमडले की पुन्हा सरळ होत नाहीत.

या जनजागृतीला कायद्याचा आधार थोडा आहे, पण आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या महादेव मंदिराच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढा मासा सापडला आणि २०२१ साली राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका लहानशा जिवासाठी एक लहानसे पाणी राखता येते, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत झाडे, औषधी वनस्पती, पक्षी, मासे यांच्या याद्या असतात. कीटकांचे पान बहुधा दोन-चार फुलपाखरांवर संपते. ते पान भरायला पदवी लागत नाही. गावातल्या तळ्याचे, देवराईतल्या झऱ्याचे, सड्यावरच्या डबक्यांचे नाव लिहावे, तिथे कोणत्या महिन्यात कोणते चतुर आणि टाचण्या दिसल्या, काती मिळाल्या की नाही, ते लिहावे, फोटो चिकटवावेत. शाळेतली सातवी-आठवीची मुले हे काम एका पावसाळ्यात नेटकेपणाने करतात. मग तळ्याच्या सुशोभीकरणाचा किंवा व्हाळाच्या खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा नोंदवही उघडून ते पान वाचायला सांगता येते आणि कोणती कड सोडायची, कोणता पट्टा राखायचा, यावर नावानिशी बोलता येते.